काठावरच्या चपला

आई, तुला एक विचारायचं राहून गेलं, आणि ते विचारल्याशिवाय माझं काम पुढे सरकेना. तू पेणजवळ जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात बायकांना जी कादंबरी सांगायचीस, तिची मी चित्रकादंबरी करतेय. म्हणजे गोष्ट तीच, पण चौकटींतून, चित्रांतून. संपादकबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, वाचली असेलच ना तुम्ही, तर मी बेधडक सांगितलं, लहानपणापासून पाठ आहे. पाठ होतीच. फक्त वाचलेली नव्हती.

तुझं सांगणं मला अजून ऐकू येतं. मी शाळेतून येऊन तुझ्याशेजारी बसलेय, समोर बिनरंगाचे पांढरे गणपती ओळीनं, आणि तुम्ही सातआठ जणी पॉलिशपेपरनं सांधे घासताय. सगळ्यांच्या भुवयांवर पांढरी पूड. पेणच्या वाचनालयातून तू पुस्तक आणायचीस, सकाळी चुलीपाशी दोन पानं वाचायचीस आणि दुपारी त्यांची दहा करून सांगायचीस. गोष्टीतल्या बाईला नवरा टाकून जातो, तिथपासून कोपऱ्यातल्या काकीचा हात मंदावला. काकीच्या नवऱ्यानं धाटावला कंपनीत लागल्यावर तिकडेच दुसरं बिऱ्हाड केलं होतं, हे मलासुद्धा माहीत होतं. शेवटच्या दिवशी तिनंच विचारलं, "मंग काय झालं गो तिचं?" तू हातातली मूर्ती फिरवत म्हणालीस, "खाडीवर गेली. काठावर चपला काढल्या, उतरली. पण ओहोटी होती. गुडघाभर चिखल नुसता. मंग काय करते? आली परत, पाय धुतले नि भात टाकला." मी म्हटलं, आणि चपला? त्या काठावरच राहिल्या की. तू माझ्यावर वसकन ओरडलीस, "गप बस. हात चालव." एवढ्याशा प्रश्नावर तू चिडायची नाहीस, म्हणून ते लक्षात राहिलं.

काम हाती आल्यावर मी कादंबरी खरोखरची वाचली, आणि शेवटच्या पानावर मला धक्काच बसला. सकाळी लोकांना खाडीकाठी तिच्या चपला दिसतात, आणि पुस्तक संपतं. ना चिखल, ना भात. संपादकबाई म्हणाल्या, "अहो, ती जीव देते. सगळ्यांना ठाऊक आहे हे." मला नव्हतं ठाऊक. मग डोक्यात एकच किडा. तू खाडीकाठच्या गावातली. तुमच्याकडे चिखलातले निवट्या मासे धरायला जाताना चपला काठावरच ठेवतात, चिखलात चपला घालून कोण उतरतं? मग ते पान तुला तसंच कळलं होतं, की कळूनसवरून तू बदललंस? लेखकाचं बरं असतं, खाडी लिहिलं की झालं. मला पाणी कुठवर आलंय ते काढावं लागतं. भरती की ओहोटी, हे त्यानं कुठेच लिहिलेलं नाही, मी तीनदा शोधलं.

म्हणून गेल्या आठवड्यात काकीकडे गेले. ती आता रोह्याला लेकीकडे असते. पेणला गाडीत बसले, कासू स्टेशन गेलं तरी काय विचारायचं ते ठरेना, म्हणून नुसती चित्रंच तिच्या मांडीवर ठेवली. तिनं चहा बाजूला सारला आणि एकेक कागद लांब धरून पाहिला. नायिकेच्या नाकाला नावं ठेवली. मग शेवटचा कागद आला, काठ आणि चपला, पाण्याची जागा अजून कोरी. तिनं डाव्या चपलेवर बोट ठेवलं. "हिचा पट्टा तुटलेला व्हता. पिन लावलेली."

मी पिन काढलेली नव्हती, आई. पण मला ती दिसली. आपल्या मोरीच्या कठड्यावर धुऊन वाळत घातलेल्या कुणाच्या तरी चपला, एकीच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. कोणाच्या, असं विचारलं होतं मी तुला, आणि तू उत्तर दिलं नव्हतंस.

"ती मीच गो," काकी म्हणाली. "गेले व्हते. ओहोटी व्हती म्हनून परत आले, तशीच अनवानी. दुसऱ्या दिशी तुजी आयस चपला घेऊन आली. काय बोलली नाय, काय विचारलं नाय. नि चार दिवसांनी गोष्टीत तसंच आलं. मला नवल वाटलं, पुस्तकातली बाय पन माज्यासारखीच." मग माझ्याकडे रोखून बघत तिनं विचारलं, "येते ना ती परत, पुस्तकात?"

मला रडू आलं. मी म्हटलं, "व्हय, काकी. येते."

म्हणजे मला माझं उत्तर मिळालं. तरी एक कुतूहल उरतंच: ते तू आधीच ठरवून आली होतीस, की हातातली मूर्ती फिरवता फिरवता सुचलं? हे पत्र तुला कुठे पाठवणार, ते चित्रांच्या फायलीतच राहील.

शेवटचं पान काल पुरं झालं. लेखकाचा एकही शब्द मी बदललेला नाही. पाणी लांब गेलेलं आहे, डाव्या चपलेला पिन आहे. चिखलात जाणारी पावलं आहेत, आणि जरा बाजूनं, फिकट, परत येणारी. संपादकबाईंना ती अजून दिसलेली नाहीत, आणि मी दाखवलेली नाहीत.