आणखी दोन इंच

वरची वाडी, ता. पोलादपूर
४ मे २०२५

चि. दीपेश भावजी यांस,

वहिनीचे आशीर्वाद. श्रुतिकाला आणि छोट्या अक्षदालाही. इकडे सर्व ठीक. तिकडचं ठीकच असणार, रोज स्टेटसवर दिसतं.

तुमचा मेसेज मिळाला. जीपला चिखलातले मोठ्या खाचांचे टायर घेऊ की चिखल-डांबर दोन्हीकडे चालणारे घेऊ, आणि बजेटमध्ये बसत असेल तर गाडी आणखी दोन इंच उचलू का, असं विचारलंत. शेवटी लिहिलंत, ‘वहिनी, तुम्ही रोज चालवता, तुमचा फीडबॅक महत्त्वाचा.’ लग्न करून या घरात आले त्याला पंचवीस वर्षं होतील. माझं मत महत्त्वाचं असल्याचं पहिल्यांदाच लेखी मिळालं. म्हणून नुसता अंगठा न पाठवता पत्र लिहायला बसले. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. शिवाय आपल्या घरात रेंज फक्त पडवीत येते, आणि पडवीत आईंची खाट आहे. सगळंच काही खाटेजवळ उभं राहून बोलता येत नाही.

तर फीडबॅक घ्या.

आधी टायर. दिवाळीत तुम्ही चढवलेले टायर दिसतात झकास. वरातीत उभे करावेत असे. मामंजींनी सरकारी लिलावातून ही जीप आणली तेव्हा तिला अरुंद टायर होते आणि त्यांनी मरेपर्यंत ते माप बदलू दिलं नाही. लोक कंजूष म्हणायचे. अरुंद टायर आपल्या लाल मातीचं वरचं लोणी कापून खालच्या मुरमाला टेकतो आणि तिथे पाय रोवतो. तुमचा रुंद टायर लोण्यावरच बसून राहतो, मानपान झाल्याशिवाय न हलणाऱ्या व्याह्यासारखा. ओल्या डांबरावर त्याचं उलटं. तिथे त्या मोठमोठ्या खाचा रस्ता धरायलाच तयार नसतात. परवाच्या अवकाळीत पोलादपूरच्या उतारावर मी ब्रेक लावला आणि गाडी तिला वाटलं तिथे थांबली. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की चाक मडगार्डला घासतं, म्हणून शाळेजवळच्या ज्या वळणावर मी एका दमात वळायचे तिथे आता मागे-पुढे करावं लागतं, एका बाजूला दरी ठेवून. गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही हे तुम्ही विसरला असाल. माझे खांदे विसरलेले नाहीत.

आता उंची. पनवेलच्या तुमच्या माणसानं बजेटमध्ये बसवून दिलं म्हणजे काय केलं, तर स्प्रिंगचे पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले आणि पाटे ज्यांना टांगलेले असतात ते शॅकल लांब लावले. उंची स्वस्तात मिळाली. तेव्हापासून गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा इकडेतिकडे बघत चालते, खालच्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस खडखडतो, आणि ब्रेकचा पाइप इतका ताणलेला की त्यावर कपडे वाळत घालावेत. बिरवाडीचा भागोजी मेकॅनिक गाडीखाली शिरून बघून आला आणि म्हणाला, “वहिनी, हे शोचं काम हाय. कमी चालवा.” मी म्हटलं, अख्ख्या वाडीला गाडी ही एकच, कमी कशी चालवू? तर म्हणाला, “मंग फोटो काढा.”

माझं ऐकाल तर मूळ मापाचे, अरुंद, दोन्हीकडे चालणारे टायर घ्या. पाटे थकलेत, त्यांच्यात एकेक पट्टी वाढवून घ्या. तेवढ्यानं गाडी जेवढी उचलेल तेवढी उंची पुरे. ठोकळे काढा. शॅकल जुने लावा.

पत्र इथे संपवलं असतं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं असतं. पण गाडीत चढतं कोण, हे तुम्ही विचारलंच नाहीत.

तुमच्या जीपवाल्यांच्या क्लबात सगळे जीन्सवाले. वर्षातून दोनदा येतात, नदीत गाडी घालतात, टाळ्या वाजवतात आणि भांडुपला पार्किंग नाही म्हणून गाडी आमच्या अंगणात सोडून जातात. आमच्या क्लबात सगळ्या लुगड्यातल्या, साठी ओलांडलेल्या, गुडघे गेलेल्या. दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला आनंदीबाई गाडीजवळ आली, वर बघितलं आणि म्हणाली, “ही गाडी हाय का माळा गो? शिडी कुठंय?” सगळ्या हसल्या. मग आपल्या गोठ्यावरच्या सोमानं एकेकीला काखेत हात घालून वर ढकलायला सुरुवात केली, तेव्हा हसणं थांबलं. या वयात, भर अंगणात, लुगडं सावरू की दांडा धरू? पुढच्या बाजारापासून निम्म्या बायका डोंगर चालत उतरायला लागल्या. मी मागून रिकामी जीप घेऊन जायचे. तुमच्या टायरांचा आवाज भारी, तेवढी सोबत.

आईंचं तुम्ही दर रविवारी विचारता. मी सांगते, आई झोपल्यात. ते खोटं नाही. माघापासून त्या झोपूनच आहेत.

पाय मुरगळलाय असं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, हळद लावा. लावली, तुमचा मान राखायला. पण खुबा मोडला होता, भावजी. वाडीतल्या सारिकाच्या लग्नाला उमरठला निघालो होतो. आईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि सोमाला जवळ येऊ दिलं नाही. म्हणाल्या, “पोत्यासारखी नाय चढणार मी. माझ्या पोराची गाडी हाय, माझी मी चढन.” दुधाचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून त्यावर उभ्या राहिल्या. मी स्टिअरिंगवर होते. आरशात आधी आई दिसत होत्या, मग नुसता क्रेट दिसला.

डांबरापर्यंत डोलीतून नेलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं महाडला. ऑपरेशन झालं. घरी आणलं ते पुन्हा डोलीतून. डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिन्यानं आणा, उभं करू, चालायला शिकवू. उशीर केलात तर सांधा आखडेल. ती तारीख टळून गेली. डोलीत बसायला आई तयार नाहीत. म्हणतात, “दोनदा झाली. तिसऱ्यांदा डोलीत घातलं तं परत आणत नायत.” जीपमध्ये त्यांना बसतं करायचं तर छातीएवढं उचलावं लागतं. एकदा चौघांनी प्रयत्न केला. त्यांचा तो ओरडा ऐकून आनंदीबाई घरात जाऊन दार लावून बसली. तळीयेची दरड पडल्यापासून पावसाच्या तोंडावर वरच्या घरांना खाली हलायची नोटीस येते. यंदाही येईल. तेव्हा काय करायचं ते मला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, मग गाडी खाली का नाही आणली? तुमच्या दादांना विचारा. महाडच्या कंपनीत रिॲक्टर सांभाळतात, बिरवाडीच्या खोलीत एकटे राहतात, पण धाकट्या भावाच्या गाडीचा एक बोल्ट ढिला करायचं त्यांच्या जिवावर येतं. “कागद त्याच्या नावावर आहेत, त्याला विचारल्याशिवाय कसं?” मग म्हटलं, विचारा. तर म्हणाले, आईनं शपथ घातलीय.

हो, शपथ. तुम्हाला काही सांगायचं नाही आणि गाडीला हात लावायचा नाही. मी तीन महिने सांगतेय. त्यांचं अंग पुसताना सांगते, कूस बदलताना सांगते, भांडं देताना सांगते. एकच उत्तर. “त्यानं हौसेनं उंच केलीय गो, बापाच्या गाडीला मान दिलाय. माझ्या पायासाठी ती खाली आणली तं त्याचं मन मोडंल.” तुमचं मन मोडू नये म्हणून त्यांचा पाय मोडलेला राहतोय. शिमग्याला तुम्ही आला नाहीत, क्लबाबरोबर कुठे वाळूत गेला होतात, तेव्हा त्यांना केवढं हायसं वाटलं. आलात असतात तर दिसलं असतं ना.

खरं सांगू? मला राग तुमचा कमी आणि त्यांचा जास्त येतो. आणि तो राग घेऊन रोज त्यांची वेणी घालते.

म्हणून मागणं एकच. खुबा मोडल्याचं तुम्हाला कळलंय असं दाखवू नका, नाहीतर शपथ मोडल्याचा ठपका माझ्यावर येईल. आईंना फोन करा आणि सांगा, मला गाडी खाली करून हवीय. कारण काहीही द्या. मुंबईत आता बुटक्या गाड्यांची फॅशन आलीय म्हणा. माझं त्या ऐकणार नाहीत. तुम्ही गाडी विहिरीत ढकला म्हणालात तर त्या सोमाला हाक मारतील.

उत्तर लिहू नका. फोन करा. वर आशीर्वाद लिहिलेत ते फोन केल्यावर लागू.

वहिनी


बिरवाडी
१५ जून २०२५

दीपेश भावजी यांस,

फोन केलात. जरा उशिरा, आयपीएल संपल्यावर, पण केलात. क्लबात आता सगळेच गाड्या खाली आणतायत असं तुम्ही म्हणालात आणि आईंनी लगेच मला हाक मारली. “उज्वला गो, ती गाडी खाली करून टाका. आता तशी कोन ठेवत नाय.” चार महिन्यांत मला जे जमलं नाही ते तुमच्या एका वाक्यानं झालं. मी कौतुक करतेय असं समजा.

दुसऱ्याच दिवशी गाडी भागोजीकडे नेली. तो म्हणाला, “चढवायला लय येतात, उतरवायला तुम्हीच पहिल्या.” जुने अरुंद टायर गोठ्याच्या माळ्यावर होते, तेच घातले. मागची सीट काढून गादी टाकली. चौघांनी आईंना बसल्या जागेवरून सरळ आत सरकवलं. ओरडल्या नाहीत. वाडीतून निघताना दारादारात सांगत होत्या, “दीपूनं माझ्यासाठी गाडी खाली आणली.” आनंदीबाईनं माझ्याकडे बघितलं. मी गिअर टाकला.

डॉक्टरांनी पाय हलवून बघितला. म्हणाले, खूप उशीर केलात, सांधा आखडलाय. आता वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतील, तेवढंच. चढ-उतार नाही. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस आणलं का नाही? मी तोंड उघडायच्या आधी आई म्हणाल्या, “गाडी गावात नव्हती.”

चार महिने गाडी त्यांच्या खाटेसमोर उभी होती, भावजी. तुमच्यावर बोट येऊ नये म्हणून त्या डॉक्टरांशीही खोटं बोलल्या. तुमचे दादा खाली बघत होते.

तेव्हा आता आम्ही बिरवाडीच्या खोलीत. आई, हे आणि मी. वाडीला वॉकर चालत नाही, आणि आईंना सोडून मला जाता येत नाही. जीप वरती नेऊन ठेवलीय, सोमा दोन-चार दिवसांनी नुसती चालू करून बंद करतो. त्याला लायसन नाही. आनंदीबाईचा निरोप होता, “आता चढता येतं गो, पन चालवनारी गेली.” मी उत्तर दिलेलं नाही.

कालच्या तुमच्या मेसेजला मात्र देते. ‘सॉरी वहिनी’ आणि हात जोडलेलं चित्र मिळालं. त्याच्याखाली तुम्ही लिहिलंत की काढलेले ठोकळे, लांब शॅकल आणि मोठे टायर फेकू नका, तुमच्या मित्राला हवेत, कुरिअर करा. फेकलेले नाहीत. भागोजीच्या गॅरेजात आहेत, आमच्या खोलीपासून चार पावलांवर. कुरिअर करणार नाही, आणि तुम्ही स्वतः आल्याखेरीज कुणाच्या हाती द्यायचे नाहीत असं भागोजीला बजावून ठेवलंय. आईसाठी याल याची मी वाट बघून दमले. टायरांसाठी नक्की याल.

आईंना सांगितलंय, दीपू येणार आहे. कशासाठी ते सांगितलेलं नाही. सकाळपासून दोनदा केस विंचरून घेतलेत. आलात तर आधी खोलीत या, मग गॅरेजात जा. निदान क्रम तेवढा सांभाळा.

आईंचे आशीर्वाद, नेहमीप्रमाणे सगळेच्या सगळे तुम्हाला.

उज्वला