ढिली जुडी

मंगळवार, संध्याकाळी, डिंगोऱ्याहून आल्यावर

स्वतःचाच राग येतोय. अर्धांगवायूनं पारूआक्कांची वाचा गेली, त्याला चार महिने झाले. ती परत आणणं हे माझं काम, आणि आज आलेली वाचा मीच घालवून आले.

चित्रांची कार्डं आज पिशवीतच ठेवली. ओसरीवर त्यांची सून मेथीच्या जुड्या बांधत होती, तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "आक्का, मला शिकवा." माझी जुडी बघून आक्का हसल्या आणि चक्क म्हणाल्या, "ढिली!" सुनेच्या हातातली मेथी खाली पडली. मी पुन्हा बांधली. "ढिली!" मग चांगल्या हातानं त्यांनीच जुडी दाबून धरली, सुतळी मला ओढायला लावली, आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "आई... बांधत... व्हती."

आणि मी काय करावं? "होती," म्हटलं. सवयीनं. शाळेतल्या बाईंसारखं.

आक्कांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

त्यांनी दोनदा माझी चूक काढली, मला उलट हुरूप आला. मी एकदाच काढली. आणि चूक तरी कुठं होती ती? त्यांच्या आईचीच भाषा.

सून म्हणाली, "ताई, मनाला लावून घेऊ नका. आज बोलल्या, लई झालं." आक्कांनी ती जुडी माझ्या पिशवीत ठेवली, कार्डांच्या वर.

ओट्यावर आहे ती. आज तिचीच भाजी करायची व्हती. सोडवत नाही.