शनिवारी बंद पडणारा संगणक व न फोडलेले पाकीट

प्रति,
मा. गृहनिर्माण अधिकारी,
नगरपालिका भाडेघरे विभाग,
होन्कावेसी, फिनलंड.

विषय : जिना 'ब' मधील विद्युतवाहिनीची मंजूर झालेली दुरुस्ती काही शनिवार पुढे ढकलणेबाबत.

संदर्भ : १) हीच दुरुस्ती तातडीने व्हावी म्हणून मीच केलेले चार अर्ज.
२) "संगणक ही भाडेकरूची खासगी बाब आहे" असे कळविणारे आपले पत्र.

महोदया,

सविनय सादर करतो की, वरील विषय व वरील संदर्भ एकाच माणसाचे आहेत. हे वाचून 'म्हातारा चळला' असा शेरा आपण मारण्यापूर्वी खालील हकीकत विचारात घ्यावी.

१. मी, ओइवा केत्तुनेन, निवृत्त भूमापक, जिना 'ब'च्या तळमजल्यावर एकटा राहतो. माझ्या टेबलावरचा संगणक इतका जुना आहे की त्याच्या बनावटीचे नाव घेतले की दुकानातली तरुण मुले टोपी काढतात. दर शनिवारी पाच वाजायला थोडा अवकाश असताना माझी मुलगी मेर्या स्वीडनमधून व्हिडिओ कॉल लावते. त्यानंतर तिला रुग्णालयात रात्रपाळीसाठी निघायचे असते. ती निघेपर्यंतच्या वेळेत मी तिच्या पाच वर्षांच्या मुलीला, सिग्नेला, गोष्ट सांगतो. पोर घरीदारी स्वीडिशच बोलते. तिच्या कानांवर आपली भाषा पडते ती आठवड्यात एवढीच.

गोष्ट माझीच आहे. सुलेवी नावाचा एक दांडगा मासा गोठलेल्या तळ्याखाली टपालखात्यात नोकरीला लागतो. पुष्कळ पत्रे वाटतो, पुष्कळ बोलणी खातो, आणि एके दिवशी त्याच्याच थैलीत त्याच्याच नावाचे पाकीट निघते. सुलेवी पाकीट फोडायला घेतो, आणि येथे संगणक बंद पडतो. तो खोकत-कण्हत पुन्हा उठेपर्यंत मेर्या कामावर निघून गेलेली असते. पुढच्या शनिवारी पोरीच्या हुकमावरून गोष्ट पहिल्यापासून सुरू होते, ती पुन्हा पाकिटापर्यंत. नात आपल्या आईला म्हणते, "आजोबा परत बंद पडले."

२. रविवार ते शुक्रवार हाच संगणक ठणठणीत असतो. घेरी येते ती शनिवारी. प्रथम मी धुळीवर संशय घेतला. झाकण काढल्यावर आत जी लोकर निघाली तिच्यात एक पायमोजा सहज विणून झाला असता. मग मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांची टोके खोडरबराने घासली, एकेक पट्टी आलटून पालटून लावून पाहिली. दोन्ही निर्दोष निघाल्या. पंखा बदलला. प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून ताजा लावला. पॉवर सप्लाय बदलला, शेवटी हार्ड डिस्क बदलली. दुरुस्तीच्या दुकानात नेले की मशीन शहाण्या मुलासारखे वागायचे, आणि दुकानदार इल्पो माझ्याकडे डॉक्टर रोग्याकडे पाहतो तसे पाहायचा.

"काका, यात आता जुनं काय राहिलंय?" त्याने एकदा विचारले.

"पत्र्याचा डबा आणि मी," मी म्हणालो.

"मग डबा बदलून बघू. तुमचे पार्ट मिळत नाहीत आता."

३. पुढे एका शनिवारी संगणक बंद पडला त्याच क्षणी स्वयंपाकघरातला दिवाही मिचमिचला. मी तडक तळघरात उतरलो. तेथे, माझ्या खोलीच्या बरोबर खाली, इमारतीची सामाईक सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, आहे. भट्टीचा लाल दिवा लागलेला होता आणि दारावरच्या पाळीपत्रकात लिहिले होते : शनिवार, पाच वाजता, रौतिओ. वरच्या मजल्यावरील श्रीमती औने रौतिओ सौना तापवायला बटण फिरवीत, जुनी वाहिनी दम टाकी आणि त्याच वाहिनीवरचा माझा संगणक मान टाकी. आग रामेश्वरी आणि मी बंब नेत होतो सोमेश्वरी. त्यानंतरचे चार अर्ज आपल्या दप्तरी आहेतच.

४. "शेजारणीशी समक्ष का बोलला नाहीत?" अशी पृच्छा आपण संदर्भीय पत्रात केली होती. ती वाचून मी दुखावलो, हे नम्रपणे नमूद करतो. श्रीमती रौतिओ व मी बावीस वर्षे एका जिन्याने ये-जा करतो. बाहेर पडण्यापूर्वी दोघेही दाराच्या भिंगातून पाहतो, आणि दुसरा जिन्यात असेल तर तो जाईपर्यंत आत थांबतो. इतके निर्मळ संबंध बोलून कोण बिघडवील? शिवाय माणूस एकवेळ घर सोडील, पण सौनाची पाळी सोडणार नाही. ती सोडा असे एका बाईला तोंडावर सांगण्यापेक्षा हार्ड डिस्क बदलणे मला सोपे वाटले.

तथापि गेल्या शनिवारी सिग्ने तापाने झोपलेली असल्याने कॉल नव्हता. तेव्हा मी "भट्टी अर्धा तास उशिरा लावावी, ही विनंती – एक रहिवासी" अशी चिठ्ठी घेऊन खाली गेलो. चिठ्ठी भट्टीवर ठेवून पळून यायचा बेत होता. परंतु श्रीमती रौतिओ आधीच कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर, झरोक्याखाली बसलेल्या होत्या. बावीस वर्षांत त्या माझ्याशी प्रथमच बोलल्या.

"आज गोष्ट नाही का?"

झरोक्याचे नळकांडे माझ्या टेबलामागे उघडते, हे मला तेव्हा कळले.

"मी दर शनिवारी लवकर येऊन बसते," त्या म्हणाल्या. "पाच वाजले की बटण फिरवते आणि तुम्ही गप्प. मला वाटायचं, खाली कुणीतरी आहे हे कळलं की तुम्हाला लाज वाटते. म्हणून मीही कधी विषय काढला नाही."

मी चिठ्ठी त्यांच्या हाती दिली आणि वाहिनीची व संगणकाची सारी हकीकत सांगितली. ती ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा बाकावर बसावे लागले. "अहो, दार वाजवायचं ना! त्यापेक्षा अख्खा संगणक बदललात?"

सोमवारी त्यांनी आपल्या कार्यालयास दूरध्वनी केला. माझ्या चार अर्जांनी जे झाले नाही ते त्यांच्या एका फोनने झाले, आणि येत्या शुक्रवारी वायरमन येत असल्याचे आपण कळविले. याबद्दल मी आभारी आहे व हवालदिल आहे.

कारण असे की, वाहिनी दुरुस्त झाली तर संगणक बंद पडणार नाही, आणि तो बंद पडला नाही तर सुलेवी पाकीट फोडील. महोदया, पाकिटात काय आहे हे मला माहीत नाही. ते रचण्याची वेळच माझ्यावर कधी आली नाही. दर शनिवारी मी मनातल्या मनात म्हणायचो, पुढचे पुढे पाहू, आणि संगणक माझी अब्रू राखायचा. मी उगाच त्याला शिव्या दिल्या.

आणखी एक गोष्ट नियमात बसत नसली तरी लिहितो. सिग्ने दर शनिवारी येते ती पाकिटासाठी. पाकीट फुटले, गोष्ट संपली, की तिने अर्धवट समजणाऱ्या भाषेतल्या आजोबाला कशाला बोलवावे? मला त्याची भीती वाटते. ही भीती कोणताही सुटा भाग बदलून जात नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

तरी, मला शेवट सुचेपर्यंत वायरमनला थांबवावे आणि श्रीमती रौतिओ यांची भट्टी पाचच्या ठोक्याला जुन्याच तारेवर तापू द्यावी, ही कळकळीची विनंती. आज शनिवार नसल्याने हा अर्ज पूर्ण होऊ शकला.

आपला, तारेइतकाच जुना व नम्र,
ओइवा केत्तुनेन
बुधवार, ५ मार्च

सोबत : १) बदललेल्या सुट्या भागांची पिशवी (सर्व चालू स्थितीत; परत नको).
२) त्याच वाहिनीवरील दुसऱ्या भाडेकरूचे म्हणणे, खालीलप्रमाणे, त्यांच्याच हस्ताक्षरात :

मॅडम, यांचं काही ऐकू नका. वायरमन शुक्रवारीच पाठवा, भट्टी मी साडेपाचला लावेन. पाकिटात माशाच्या बदलीचा हुकूम निघू दे, म्हणजे तो दुसऱ्या तळ्यात रुजू होईल आणि पोरगी पुढच्या शनिवारी परत विचारेल. आपल्याकडे तळ्यांना काय तोटा आहे?
– औने रौतिओ