आईच्या उत्तराचा अर्थ

ता. ३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझी आई दवाखान्यातून घरी आली त्याला आज नऊ दिवस झाले. उजवा हात जरा उचलते. बोलणं मात्र अर्धांगाच्या त्या झटक्याने पुसून नेलं, मराठीसुद्धा. उरलं आहे ते फक्त शाळेतलं इंग्रजी. तीस वर्षं वर्गाकडून रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार घोकून घेतले, तेवढेच तोंडातून अख्खे बाहेर पडतात. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई म्हणतात, पाठ झालेलं असं मागे राहतं, त्यात अर्थ शोधू नका. मी त्यांना विचारलं, बायको बोलते आहे आणि नवऱ्याने अर्थ शोधायचा नाही, हा कुठला न्याय?

कारखान्याच्या फाटकावर उभं राहून मी या भाषेला साहेबाची भाषा म्हणून झोडपलं, ते तू खांद्यावर बसून ऐकलं आहेस. हसायचं तर हस. पण मला सांग, व्यायाम घेताना ती ‘कॉल इट अ डे’ म्हणते. काल मी भाजी करपवली तेव्हा ‘इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड’ म्हणाली. यावर मी काय करायचं असतं?

लोभ आहेच, तो उत्तराच्या घाईतून दिसू दे.
बाबा

ता. ९ ऑगस्ट

ति. बाबांस,
सा. न.

हसले, आणि मग रडले. पहिल्याचा अर्थ, आजच्यापुरतं पुरे. तास संपताना खडू खाली ठेवून आई हेच म्हणायची. तेव्हा व्यायाम थांबवत जा. दुसऱ्याचा अर्थ, एवढं काही आभाळ कोसळलेलं नाही. तिने तुम्हाला माफ केलं. मी केलं नसतं.

आता महत्त्वाचं. इथे वाचा परत आणण्यासाठी एक केंद्र आहे. सहा महिने तिथेच राहायचं, भेट फक्त रविवारी. जागा मिळते आहे, पंचवीस तारखेच्या आत कळवायचं आहे. मला आई जवळ हवी आहे, बाबा. गेल्या चार वर्षांत मिळून मी तिला अकरा दिवस भेटले. पण तिला विचारल्याशिवाय नको. विचाराल ना?

माया पातळ होऊ देऊ नका.
भिंगरी

ता. १४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

माझं मत विचारशील तर तिला घेऊन जा. ती एक मागते, मी भलतंच आणून देतो. वेणी घालतो ती तासाभरात सुटते. माझ्याच्याने हे निभत नाही, हे मी फक्त तुझ्याजवळ कबूल करतो.

तुझं पत्र वाचून दाखवलं, वर पाऊण तास भाषणही केलं. तिने मध्ये अडवलं नाही. माझ्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं, ते डाव्या हाताने सारखं करत राहिली. शेवटी म्हणाली, ‘आय ॲम इन गुड हँड्स’. दोनदा म्हणाली. हा होकार की नकार? मी माळ्यावरून तिची प्रवासाची पेटी काढून पुसून ठेवली आहे.

बाबा

ता. १९ ऑगस्ट

ति. बाबांस,
सा. न.

याचा अर्थ, मी चांगल्या माणसाच्या हाती आहे, काळजी नको. केंद्रातली माणसं चांगली, म्हणून नेलंत तरी चालेल, असाही अर्थ लावता येतो. काल मी तसंच पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, आणि मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. बाबा, ती कुणाचं बटण लावत होती? पत्र फाडलं. केंद्राला आज ‘नाही’ असं कळवून टाकलं. मला फार वाईट वाटतं आहे, ते लपवत नाही. दर पंधरा दिवसांनी मीच येईन.

तुम्हा दोघांची,
भिंगरी

ता. २४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तिला वाचून दाखवताना त्या बटणाच्या ओळीशी माझा आवाज बसला. पाच हजारांच्या सभेत कधी बसला नव्हता. तिने कागद काढून घेतला आणि उशाखाली ठेवला.

तू येशीलच, पण तोवर मला दम निघणार नाही. मला तिला सांगायचं आहे की मी चुकेन, रोज चुकेन, पण इथून हलणार नाही. तिच्या त्या रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीत असं काही असेल तर उलट टपाली पाठव. देवनागरीत लिही, मोठ्या अक्षरात. पाठ करतो.

बाबा