न वाजलेला पेला

मार्केट यार्ड, पुणे
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चि. नीरजा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावात सलाम.

पत्र पाहून हसशील. हस. फोनवर मी मुद्द्यावर आलो की तुझी मीटिंग सुरू होते, आणि मेसेज लिहिला तर तू अंगठा पाठवतेस. आपला गेनबा रोज टेम्पो घेऊन हडपसरला भाजी टाकायला येतो, त्याच्याकडे मेथीच्या जुडीबरोबर हे देतोय. उत्तर त्याच्याच हाती दे. आपण दुसऱ्याचं पत्र वाचत नाही, असं त्याने न विचारता सांगितलं. म्हणून पाकिटाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलीय.

तर मुद्दा. तुझं निमंत्रण मोबाईलवर आलं. फुगे, ढग, ढगावर कोकरू, आणि खाली आमच्या नातीचं नाव. चि. स्पृहाचा बाप्तिस्मा, तुमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, नंतर स्नेहभोजन. पाळक कोण, तर तू मोबाईलवर ज्यांची उपासना ऐकतेस ते बंगळुरूचे गृहस्थ. ते विमानाने येणार म्हणे. मी शकूला, म्हणजे तुझ्या मातोश्रींना विचारलं की मांडववाला, केटरर आणि पाळक एकाच दुकानातून घेतले की वेगवेगळ्या. ती म्हणाली, मला नका विचारू, तिला विचारा. म्हणून तुला विचारतोय.

चिडलोय, हे लपवत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक आधी आईबापांना विचारतात, मग मंडळीकडे वळून विचारतात की या लेकराला वाढवण्यात तुम्ही हातभार लावाल का. सगळं देऊळ उभं राहून होय म्हणतं. तुझ्या वेळी म्हणालं होतं. क्लबहाउसमध्ये होय कोण म्हणणार? तुझ्या ऑफिसातले लोक? निम्मे तेव्हा ढोकळ्याच्या रांगेत असतील आणि उरलेले वर्षभरात नोकरी बदलून हैदराबादला.

विश्वास मनात असतो, त्याला बाक लागत नाही, असं तू आईला म्हणालीस. मी नेवाशाहून एक पत्र्याची पेटी घेऊन पुण्यात उतरलो, तेव्हा विश्वास मनातच होता. पण झोपायला मन पुरत नाही. आपले आजचे पंच कसबे मास्तर, त्यांनी मला देवळामागच्या खोलीत जागा मिळवून दिली, संध्याकाळी बसवून पावत्या वाचायला शिकवलं. यार्डात पोती उचलणाऱ्या पोराचा आज स्वतःचा गाळा आहे, त्याचं मूळ त्या खोलीत आहे. मला कावीळ झाली तेव्हा मंडळीतल्या बायकांनी पाळ्या लावून पेज पाठवली. मोबाईलवर प्रवचन चांगलं ऐकू येतं, मी नाही म्हणत नाही. पेज येत नाही.

आणि आपल्या प्रभुभोजनाची रीत आठव. मंडळीचा पंच तबक घेऊन बाकाबाकावर फिरतो, एकेकाच्या हातात द्राक्षरसाचा इवला पेला देतो. सगळ्यांचे डोळे मिटलेले. पिऊन झालं की रिकामा पेला समोरच्या फळीच्या भोकात ठेवायचा, टक्. सगळ्यांना दिल्यावर पंचाला मात्र स्वतःच्या हाताने उचलून घेता येत नाही. शेवटच्या बाकाच्या टोकाला जो बसला असेल त्याने तबकातला उरलेला पेला पंचाला द्यायचा. मग तो पंच कितीही मोठा असो. मी मंडळी म्हणतो ती याला. घरी सोफ्यावर बसून स्वतःच ओतून स्वतःच घेणं, याला मी सरबत म्हणतो.

फुगे रद्द कर. सलिलरावांना आशीर्वाद. त्यांच्यावर राग नाही. ते बिचारे देवळात चपला कुठे काढायच्या हे विचारणारे, त्यांना काय बोलायचं.

राग आणि लोभ एकाच पिशवीतून पाठवणारा,
तुझा बाबा
सुखदेव

•

हडपसर
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना सप्रेम सलाम वि. वि.

मेथी चांगली होती. पत्र दोनदा वाचलं. चिकटपट्टी शाबूत होती, पण जाताना गेनबाकाकांनी मला सरबताबद्दल विचारलं.

आता माझा मुद्दा. हे मी सांगणार नव्हते. आईकडून तशी शपथ घेतली होती आणि तिने ती पाळली, म्हणून तिच्यावर ओरडू नका.

लग्नानंतर सलिलला घेऊन मी पहिल्यांदा देवळात आले तो गेल्या वर्षीचा ईस्टर. तुम्ही पुढे गाणाऱ्यांत होतात, डोळे मिटून. आम्ही तिसऱ्या बाकावर. तुमचे कसबे मास्तर तबक घेऊन आले. आईच्या हातात पेला दिला. माझा हात पुढे होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सलिलकडे पाहिलं, आणि तबक माझ्यावरून पलीकडच्या बाईंकडे नेलं. मी हात मांडीवर परत आणला. सलिलने हळूच विचारलं की हे प्रत्येकाला एकाआड एक रविवारी मिळतं का. बाबा, मी त्याला हो म्हणाले.

उपासना पुढे चालू राहिली. बाहेर चहाच्या वेळी मास्तरांनी तुमच्या खांद्यावर हात टाकला आणि तुम्ही दोघं कशावर तरी मोठ्याने हसलात.

यार्डात तुमच्या कानांची ख्याती आहे. लिलावात मागच्या ओळीतला माणूस ओठांत पुटपुटला तरी त्याची बोली तुम्हाला ऐकू येते. त्या दिवशी तिसऱ्या बाकावर एक पेला वाजला नाही, तो काही तुम्हाला ऐकू आला नाही.

तुम्ही लिहिता, पेज येते. मला तर पेलाही आला नाही. जिथे आईला ओलांडून तबक पुढे जातं तिथे मी तिच्या लेकीला पाण्याखाली का धरू? क्लबहाउसच्या फुग्यांनी अजून माझा अपमान केलेला नाही.

स्पृहाला पहिला दात आलाय. तुमच्यासारखी सगळ्यांना दाखवत फिरते.

रागावलेली, तरी तुमचीच,
नीरजा

•

धायरी
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. नीरजा हिस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी दोन माणसांना गाठायचं होतं.

तुझ्या आईशी मी दीड दिवस बोललो नाही. मग डबा हवा होता म्हणून बोललो. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही मास्तरांची कॉलर धरली असती. बरोबर आहे. धरली असती.

पाळकसाहेबांना गाठलं. विचारलं की माझ्या मुलीला प्रभुभोजन बंद केल्याचा ठराव कधी झाला. ते गडबडले. असा ठराव नाही, चर्चाही नाही, म्हणाले. तिथून तडक मास्तरांच्या घरी. त्यांनी पाणी दिलं, मी प्यायलो नाही. या माणसाच्या घरचं पाणी आयुष्यात पहिल्यांदा नाकारलं.

मास्तरांनी काही नाकारलं नाही. म्हणाले, मंडळीबाहेर लग्न करणाऱ्याला पेला नाही, ही जुनी शिस्त आहे, मी ती मोडलेली नाही. मी म्हणालो, पंचांनी ठरवलं नाही तर शिस्त तुमच्या खिशात असते का. तेव्हा त्यांनी त्यांच्या बहिणीचं, द्वारकाबाईचं सांगितलं. तिनेही बाहेर लग्न केलं होतं. त्या वेळच्या पंचांनी तिला बंद केलं, आणि मास्तर तरुण होते, बाजूला बसले होते, गप्प राहिले. ती दर सणाला यायची, शेवटच्या बाकावर बसायची, तबक तिच्यापाशी थांबायचं नाही. तशीच गेली. मास्तर म्हणाले, आज नीरजाला दिला तर मग द्वारकाला का नाही दिला, हे मी कोणाला सांगू.

मला वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. पण त्याहून जास्त संताप आला. एका लेकीवर अन्याय झाला, तो खरा ठरावा म्हणून दुसरीवर करायचा? माल सडका निघाला तर आम्ही पुढच्या गाडीत मुद्दाम सडका भरत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ज्या माणसाने मला वाचायला शिकवलं त्याला.

मी मंडळी सोडतोय. राजीनामा पाळकसाहेबांना दिला. काल रविवारी तुमच्या बाजूच्या त्या मोठ्या हॉलमधल्या नव्या संगतीच्या उपासनेला जाऊन आलो. माणसं प्रेमळ आहेत. दारात एका मुलीने छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवली, ड्रम छान वाजवतात, खुर्च्या गुबगुबीत. उपासना संपल्यावर चिठ्ठी काढून टोपलीत टाकली, आणि मला कळेना की आता मी कोण. पण होईल सवय.

तेव्हा क्लबहाउस तर क्लबहाउस. फुगे वाढव. कोकरू पण राहू दे.

ज्याचं चुकलं नाही तरी ज्याला झोप नाही तो,
बाबा

•

हडपसर
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना सप्रेम सलाम वि. वि.

तुम्हाला माझी मंडळी सोडायचा अधिकार कोणी दिला?

मी चिडले, दुखावले, घरी बसले. ते माझं माझ्या माणसांशी भांडण होतं. मी राजीनामा दिला नव्हता. तुम्ही एका भेटीत मोकळे झालात. मग माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी ज्या लोकांनी उभं राहून होय म्हटलं, त्यांचं काय? त्यांना सोडून द्यायचं? ते होय त्यांनी मला दिलंय, मास्तरांना परत घ्यायला नाही. मी ते वसूल करणार आहे. माझ्यासाठी एकदा आणि स्पृहासाठी एकदा.

मास्तरांच्या बहिणीचं वाचून मी स्वयंपाकघरात रडले, हे सलिलने तुम्हाला सांगायच्या आत मीच सांगते. आणि मग अजून राग आला. इतकी वर्षं ती बाई शेवटच्या बाकावर बसली आणि बाकीचं सगळं देऊळ डोळे मिटून होतं. सोयीचे डोळे आहेत आपल्या मंडळीचे.

बंगळुरूच्या पाळकांना मी नकार कळवला. ते रागावले नाहीत, त्यांना माझं नाव आठवायलाच वेळ लागला. आपल्या पाळकसाहेबांना फोन केला. सात डिसेंबरला, रविवारी, आधी बाप्तिस्मा आणि मग प्रभुभोजन. मी विचारलं, तबक कोणाकडे. म्हणाले, कसबे मास्तरांची पाळी आहे, हवं तर बदलतो. मी म्हणाले, अजिबात बदलू नका.

बाप्तिस्मा झाला की मी आपल्या तिसऱ्या बाकावर बसणार नाही. शेवटच्या बाकाच्या टोकाला बसणार आहे. मला ओलांडून मास्तरांनी पुढे जायचं म्हटलं तरी पुढे कोणी नाही; आणि त्यांना पेला हवा असेल तर तो माझ्याच हातून घ्यावा लागेल. नको असेल तर तबक धरून उभे राहू देत. बहिणीनंतर तिथे कोणीतरी बसायला हवं होतं.

तुम्ही नेहमीसारखे पुढे गाणाऱ्यांत उभे राहा. डोळे मिटून. कॉलर कोणाचीही धरायची नाही.

हट्ट तुमच्याकडून आलेली,
नीरजा

ता. क. फुग्यांचं काय करू? आधीच आणलेत.

•

धायरी
रविवार, ७ डिसेंबर २०२५, संध्याकाळ

चि. नीरजा हिस, चि. स्पृहा हिस आणि सलिलराव यांस अनेक आशीर्वाद, प्रभूच्या नावात सलाम.

सकाळीच भेटलो, तरी लिहितोय. चहाच्या वेळी तुझ्याभोवती एवढ्या बायका होत्या की तिथे मला भाव नव्हता.

आधी राजीनाम्याचं. पाळकसाहेबांकडे परत मागितला तर म्हणाले, त्याच्या मागे मी आजच्या गीतांचे क्रमांक लिहिले होते, तो आता वाद्यवृंदाकडे आहे. आमच्या मंडळीत माझ्या संतापाची ही किंमत.

बाप्तिस्म्याच्या वेळी तू पाण्याकडे तोंड करून होतीस. मागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, म्हणून सांगतो. पाळकसाहेबांनी मंडळीला विचारलं तेव्हा सगळे उभे राहिले. मास्तर काठी टेकत सगळ्यांत शेवटी उठले. होय झालं. तुला तो एक मोठा आवाज वाटला असेल. मला त्यात मास्तरांचा आवाज नव्हता. ओठ मिटलेले होते. मी पुढच्या गीताचं एक अख्खं कडवं गायलो नाही. दात आवळून गाता येत नाही. मनात ठरवलं की तुझ्या अटी गेल्या खड्ड्यात, आज दारात त्यांना धरायचं.

मग तबक निघालं आणि मी डोळे मिटले, तू सांगितलं होतंस म्हणून. ऐकत राहिलो. पहिला बाक, पेले वाजले. दुसरा. तिसऱ्यावर तुझ्या आईचा वाजला, ती जरा जोरातच ठेवते. मास्तरांची काठी घरीच राहिली असती तर बरं, असं वाटत होतं, कारण पेले देताना ती प्रत्येक बाकाला टेकवून ठेवल्याचा आवाज मला बाकाबाकाने मागे नेत होता. शेवटच्या बाकापाशी काठी थांबली.

काही नाही. यार्डात एवढ्या वेळात दोन ट्रक रिकामे होतात. कोणीतरी खोकलं. स्पृहा सलिलरावांच्या मांडीवर काहीतरी बोलली. मी डोळे उघडणार होतो, देवाशपथ.

पुढच्या पंचसभेत मी हा विषय काढणार आहे. ही शिस्त कोणी, कधी, कशावरून लावली ते विचारणार आणि ती काढून टाकेपर्यंत घरी जाणार नाही. डबा बांधून ठेव, असं तुझ्या आईला सांगितलंय. द्वारकाबाईचं नाव मंडळीपुढे घेतलं जायला हवं, ते मास्तरांनीच घ्यावं. घेतील की नाही माहीत नाही. त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो जायची मला घाई नाही. पण दारात मी त्यांना धरलं नाही. ते माझ्या शेजारून गेले तेव्हा त्यांची काठी मागे शेवटच्या बाकापाशीच राहिली होती, ती मी नेऊन दिली. त्यांनी पाणी विचारलं नाही, आम्ही देवळात होतो. विचारलं असतं तर घेतलं असतं.

तू लिहिलं होतंस, एक पेला वाजला नाही तो मला ऐकू आला नाही. आज डोळे घट्ट मिटून, देवळाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून ऐकलं. शेवटच्या बाकावर पेला वाजला, टक्. मग बराच वेळ गेला. मग दुसरा, मास्तरांचा.

आमचा लोभ शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, हे जाणून असावे.

तुझा बाबा
सुखदेव