कुंपणाखालून गेलेला माग

रक्ताचा माग मध्येच तुटतो, तेव्हा हरीण वाचलेले असते की आपण ते गमावलेले असते? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. वन्यजीवशास्त्राची पदवी घेऊनही देता येत नाही, आणि आमच्या घरात पदवी माझ्या एकटीकडेच असल्यामुळे दुसऱ्या कोणाला विचारायचीही सोय नाही. बाकी सर्व बाबतींत माझे मन ठिकाणावर आहे. मी, ब्रिटा रुनडाल, राहणार टिंबर कूली, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता करत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न वडिलांनी केला. तो पुढे येईल.

या हिवाळ्यात मला लहान विमानातून हरणे मोजायची आहेत. विमान झाडांच्या शेंड्यांजवळून उडते. ज्याच्या नावावर काही आहे त्याने ते लिहून ठेवावे, असे मी जिथे नोकरी करते त्या वन्यजीव कार्यालयाने सुचवले. माझ्या नावावर जंगल आहे.

१. माझे धनुष्य शाळेच्या नेमबाजी मंडळाला द्यावे. तिथे मुली वाढल्या आहेत आणि धनुष्ये अपुरी आहेत. फ्रीजरमधले गोठवलेले मांस चर्चच्या अन्नकोठीत द्यावे. गरजूंना शिळ्या पावाबरोबर चांगले काही मिळू नये असा नियम नाही.

२. बाणांची पाती. माझी सगळी स्थिर पाती वडिलांना द्यावीत. त्यांना घट्ट बसवलेली, हाताने धार लावलेली पाती आवडत नाहीत. हरणाला लागल्यावर उघडणारी पाती त्यांना हवीत, कारण भोक मोठे पडते आणि रक्त भरपूर सांडते. त्यांचे धाकटे भाऊ लेफ काका अशा पात्याला छत्री म्हणतात. उघडण्यातच जोर खर्च होतो, बाण आरपार जात नाही आणि रक्त हरणाच्या आतच राहते, असे त्यांचे म्हणणे. कॉलेजात मी यावर निबंध लिहिला. पात्यापेक्षा बाण कुठे लागतो याला महत्त्व अधिक, असा निष्कर्ष निघाला. दोघांनीही तो वाचला नाही आणि दोघांनाही तो पटला नाही.

३. शिकारघराच्या भिंतीवर खिळलेले कापडाचे तुकडे तसेच राहू द्यावेत. आमच्याकडे ज्याचा नेम चुकतो त्याच्या सदऱ्याचा मागचा घोळ कापून भिंतीला ठोकतात. त्यांत माझे चौकड्यांचे तुकडे बरेच आहेत. मी गेले म्हणून ते काढून मला चांगली नेमबाज ठरवू नये.

४. जंगल. बाकीची कलमे याच्यासाठीच लिहिली.

आजोबांनी जंगल दोन्ही मुलांत वाटले. ते गेल्यावर वडिलांनी, म्हणजे ओरिन रुनडाल यांनी, मध्ये तार घातली. इकडे बाण लागलेले हरीण दुसऱ्याच्या जमिनीत गेले, तर मालकाने हो म्हटल्याशिवाय मागावर जाता येत नाही. मी शाळेत असताना वडिलांचा बाण एका मोठ्या नराच्या पोटात लागला आणि माग तारेखालून काकांकडे गेला. काकांनी बाण हुंगला आणि म्हणाले, "सकाळी ये." वडिलांनी त्याचा अर्थ "चालता हो" असा घेतला. सकाळपर्यंत कोल्ह्यांनी शिंगांखेरीज फारसे काही ठेवले नव्हते. तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नाहीत. चूक छत्रीची, असे काका म्हणतात. चूक लेफची, असे वडील म्हणतात.

मला पदवी मिळाली तेव्हा वडिलांनी आपला हिस्सा माझ्या नावावर केला. अट तोंडी घातली: "लेफला इथं पाऊल टाकू द्यायचं नाही. मी मेल्यावरही नाही." मी हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. मी विमानातून पडले तर जंगल कायद्याने वडिलांकडे परत जाईल आणि हे दोघे एकमेकांशी न बोलताच मरतील. ते मला नको आहे.

यंदा ऑक्टोबरात दिवस मावळताना काका तारेपलीकडे येऊन उभे राहिले. त्यांच्या बाणाचे हरीण आमच्याकडे आले होते. खालच्या तारेला रक्त होते. वडीलही तिथे आले.

"त्याला म्हणावं, तोंड आहे ना? मग विचार," वडील मला म्हणाले.

"तुझ्या बापाला सांग, जमीन तुझी आहे. विचारायचंच तर तुला विचारीन," काकाही मलाच म्हणाले.

"मग विचारा की, काका."

"आधी बाण बघ."

पाते स्थिर होते, धारेत दोष नव्हता. बाणाच्या पिसांना हिरवट ओल होती. मी हुंगून पाहिले.

"कॉलेजात हेच शिकवतात होय गं?"

"पोटात लागलाय, काका. आत्ता मागे गेलो तर ते उठून पार टेकडीपलीकडे जाईल. सकाळी या."

शब्द मी निवडले नव्हते; बाण पोटात लागला की दुसरे शब्द नसतात. वडिलांनी तारेवरच्या रक्ताला बोट लावून पाहिले. मग म्हणाले, "उजाडताच ये. कोल्हे असतात."

हे ते मला म्हणाले नव्हते.

सकाळी दोघे गुडघ्यांवर रांगत होते. जिथे थेंब सापडेल तिथे फांदीला संडासातला पांढरा कागद अडकवायचा, म्हणजे मागे वळून पाहिले की हरणाची दिशा कळते. कागदाची गुंडाळी वडिलांकडे होती.

"इथं."

"ते मेपलचं पान आहे, ओरिन. मुळातच लाल असतं."

"थुंकी लावून बघ."

काकांनी थुंकी लावून बोट फिरवले. "रक्त आहे."

"मग?"

"मग कागद लाव ना, बघतोस काय!"

हरीण ओढ्याकाठी सापडले. एक मांडी कोल्ह्यांनी खाल्ली होती. वडील म्हणाले, "पातं चांगलं होतं. नेम भिकार." काका म्हणाले, "भिकारच होता."

म्हणून माझ्या पश्चात हे जंगल ओरिन आणि लेफ रुनडाल या दोघांना मिळून, वाटणी न करता द्यावे. एकाला विकायचे असेल तर दुसऱ्याची सही लागेल, आणि सहीसाठी बोलावे लागेल.

५. साक्षीदार एल्डन क्वाल, खाटीक, आणि मार्गिट सोल्बर्ग, ग्रंथपाल, या दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. क्वाल यांनी याबद्दल नाराजी व्यक्त करून मगच सही केली.

६. तारेचे काम मी माझ्या मरणावर ठेवलेले नाही. काल पक्कड घेऊन गेले आणि सगळी तार काढून कोठारात ठेवली. वडिलांना विचारले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना ते दिसत होते; दुपारी त्यांनी खांब उपटायला पहार आणून दिली.

सही: ब्रिटा रुनडाल
साक्षीदार: एल्डन क्वाल, मार्गिट सोल्बर्ग
टिंबर कूली, २ डिसेंबर २०२३