मीठ डाव्या हाताला

शिरवळ, ८ जानेवारी १९९६
पुण्याच्या प्रशिक्षणाहून परत. पाच दिवस एकच घोष: जपानी लोक सुधारणा साहेबाला नाही, काम करणाऱ्याला विचारतात. मॅनेजरसाहेबांनी लगेच मानेवर जू ठेवलं. महिन्याभरात स्विच जोडणाऱ्या बायकांकडून एक तरी सुधारणा हवी, परदेशी पाहुण्यांपुढे मांडायला. जमलं तर नोकरीत कायम. नाहीतर सांगलीला, थोरल्या भावाच्या हळदीच्या दुकानात. दाराशी सूचनापेटी लावली. पितळी कुलूप. मला फार आवडली.

१५ जाने.
पेटी उघडली. रजेचे दोन अर्ज आणि एक लग्नपत्रिका. सहकुटुंब बोलावलंय. कुटुंब अजून व्हायचंय.

१८ जाने.
डबा घेऊन बायकांतच जाऊन बसलो. सुमनताई सगळ्यांत जुन्या, नवरा मिलिटरीत. त्यांनी भाकरी-पिठलं वाढलं, मीठ डाव्या हाताला. पेटीत कुणी काही टाकत का नाही, विचारलं. म्हणाल्या, पेटीशी काय बोलायचं? मग माझ्या मिठाकडे बोट करून,
"आवं सायेब, स्क्रूचं पोतं दाराशी ठेवलंय. जेवत्या माणसाला मिठासाठी चुलीपर्यंत उठवता व्हय?"
घास हातातच राहिला. पाच दिवस वह्या भरल्या, त्यात हे कुठंच नाही.

२३ जाने.
टेबलं ताटासारखी मांडली. स्क्रू मिठाच्या जागी, स्प्रिंगा चटणीच्या, पितळी पत्त्या कोशिंबिरीच्या. न बघता हात जातो. सगळं काम चारलाच संपलं. बायकांनी गाणी म्हटली, मीही. माझा आवाज ऐकून हसून हसून पुरेवाट. इतका आनंद इथं आल्यापासून झाला नव्हता.

३० जाने.
मॅनेजरसाहेब खूश. म्हणाले, पाहुण्यांपुढे तुम्हीच बोला, तुमची कल्पना म्हणून. कायम व्हायला बरं पडेल. हो म्हणून आलो. चहा गोड लागेना. परत केबिनमध्ये गेलो, म्हटलं, सुमनताईंची कल्पना, त्याच बोलतील. साहेब नुसतं "बघू" म्हणाले.

६ फेब्रु.
सुमनताई बोलल्या! ठेवणीतलं पातळ, हातात खरंच ताट. दुभाष्या मिठापाशी अडला, पाहुण्यांना आधीच कळलं होतं. मी मागं उभा, छाती फुगवून.

९ फेब्रु.
कायम केल्याचं पत्र नाही. विचारायचा धीर नाही.
पेटीत मात्र पहिली खरी चिठ्ठी, कुणीतरी आपल्या पोरीकडून लिहून घेतलेली:
"सायबांचं टेबल भिंतीकडं तोंड करून हाय. आमी आलेलं दिसत न्हाई. फिरवा."
चौघी माझं टेबल उचलू लागल्या. फिरवलं.